टोपल्यांच्या देशात

परक्या देशाची ओळख माणसाला कशाने पटेल, याचा काही नेम नसतो. कुणाला ती आगगाडीच्या वक्तशीरपणाने पटते, तर कुणाला तिथल्या बेचव चहाने. फिलिपाईन्सची ओळख मात्र जाणाऱ्या प्रत्येकाला एकाच वस्तूने पटते. ती वस्तू म्हणजे जमिनीपासून दहा फुटांवर टांगलेले एक लोखंडी कडे!

मनिला सोडून आग्नेयेकडे निघाल्यावर मी ही कडी मोजायला लागले. एक नारळाच्या झाडाला ठोकलेले होते. दुसरे दोन घरांमधल्या बोळात, तर तिसरे देवळाच्या, म्हणजे अर्थात चर्चच्या, मागच्या भिंतीला. कड्यामागची फळी कुठे प्लायवुडची होती, तर कुठे चक्क मोडक्या दाराची. जाळी असलीच तर शिंकाळ्यासारखी फाटून लोंबणारी. साठापर्यंत मोजून मी नाद सोडला. आपल्याकडे गल्लीत तीन काठ्या उभ्या केल्या की क्रिकेट सुरू होते, तसे इथे एक कडे लटकले की बास्केटबॉल सुरू होतो. पायांत स्लिपर, अंगात गंजीफ्रॉक, आणि खेळ असा चपळ की पाहणाऱ्याची मान दुखावी.

गंमत अशी की, हा उंच माणसांचा खेळ आणि इथला सरासरी पुरुष साडेपाच फुटांच्या आतला! पण हे त्या लोकांना कुणी सांगितलेले दिसत नाही. देशात सुमारे बेचाळीस हजार ‘बारांगाय’ आहेत. बारांगाय म्हणजे आपली ग्रामपंचायत समजा, किंवा शहरातला वॉर्ड. त्यात बास्केटबॉलचे मैदान नाही असा बारांगाय शोधूनच काढावा लागेल. बऱ्याच मैदानांवर पत्र्याचे छप्परही असते. मग लग्नाची पंगत तिथे, निवडणुकीची सभा तिथे आणि वादळात घर उडाले की आसराही तिथेच. सुगीत अर्ध्या मैदानावर भात वाळत पडलेले असते आणि पोरे निमूटपणे उरलेल्या अर्ध्यात खेळतात.

२०२५ च्या मे महिन्यात, कॉलेजच्या सुट्टीत, मी लॉस बान्योसला धाकट्या बहिणीकडे राहायला गेले होते. मेव्हणे तिथल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत आहेत. ही संस्था १९६० साली निघाली आणि १९६६ साली तिने दिलेल्या ‘आय. आर. ८’ या बुटक्या भाताने आशियाभर पीक वाढवले. लॉस बान्योस या स्पॅनिश नावाचा अर्थ ‘न्हाणीघरे’. गावात गरम पाण्याचे झरे आहेत, त्यावरून हे नाव पडले. एका अंगाला लगूना दे बाय हे विशाल सरोवर, दुसऱ्या अंगाला माकिलिंग नावाचा हिरवागार डोंगर. त्या डोंगरावर मारिया माकिलिंग नावाची एक ‘दिवाता’ राहते, अशी लोकांची श्रद्धा आहे. दिवाता म्हणजे आपली देवताच! मराठीच्या मास्तरणीला याहून काय हवे? मग मी शब्दच गोळा करत सुटले. शिक्षकाला ते ‘गुरो’ म्हणतात, चेहऱ्याला ‘मुखा’. हे संस्कृतातून समुद्रावरून आलेले धन. पुढे स्पॅनिश आले आणि ‘साबोन’, ‘मेसा’, ‘क्रुस’ हे शब्द ठेवून गेले. आपल्याकडे पोर्तुगीजांनी साबण आणि क्रूस ठेवला, तशातलाच प्रकार. स्पेनचे राज्य इथे १५६५ पासून १८९८ पर्यंत, म्हणजे तीनशे तेहतीस वर्षे टिकले. आज शंभरातले जवळजवळ एकोणऐंशी लोक रोमन कॅथलिक आहेत.

तर या गावात पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी बहिणीने मला सल्ला विचारला.

“ताई, याला त्या शिबिराला पाठवू का ग?”

‘हा’ म्हणजे माझा बारा वर्षांचा भाचा. गावातल्या एका लहानशा प्रॉटेस्टंट चर्चने अमेरिकेतून कॉलेजातले बारा तरुण-तरुणी आणि दोन वडीलधारे बोलावले होते. ते आठवडाभर बारांगायच्या मैदानावर मुलांना बास्केटबॉल शिकवणार होते. फी नव्हती, उलट टी-शर्ट मिळणार होता.

“पण मधल्या सुट्टीत येशूच्या गोष्टी सांगतात म्हणे,” बहीण म्हणाली.

रात्री भाच्याच्या साताऱ्याच्या आजीपर्यंत ही वार्ता पोचली. फोनच्या पडद्यावरून आजींनी निकाल दिला, “खेळू दे चेंडू. पण गळ्यातला गणपती काढू देऊ नकोस हो!”

या जोडगोळीचे, म्हणजे चेंडूचे आणि येशूच्या गोष्टींचे, नाते आजचे नाही. हा खेळ जन्मला तोच मुळी मिशनच्या घरात. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी, वाय. एम. सी. ए.च्या शिक्षकशाळेत जेम्स नेस्मिथ नावाचा कॅनेडियन तरुण नोकरीला होता. शिक्षण धर्मशास्त्राचे, पण व्यासपीठावरून जे साधेल ते व्यायामशाळेतही साधेल, असे त्याच्या मनाने घेतले होते. बाहेर बर्फ आणि आत कवायतीला कंटाळलेले अठरा विद्यार्थी. या दांडगटांसाठी दोन आठवड्यांत घरात खेळण्याजोगा खेळ शोधून काढ, असे वरिष्ठांनी फर्मावले. त्याने शिपायाकडे दोन खोकी मागितली. शिपायाकडे खोकी नव्हती, पीच फळांच्या टोपल्या होत्या. त्या त्याने सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आज जगभर कडे दहा फुटांवर असते! टोपल्यांना बूड होते. चेंडू आत पडला की शिडी लावून काढावा लागे. खेळाचे नियम तेरा, आणि त्यांतला मुख्य असा की, चेंडू हातात घेऊन पळायचे नाही. धक्काबुक्की टळावी म्हणूनच ही युक्ती.

दोनच दशकांत ही टोपली फिलिपाईन्सला पोचली. १८९८ साली स्पॅनिश गेले, अमेरिकन आले. त्यांच्यामागून त्यांच्या शाळा आल्या आणि १९१० साली एल्वुड ब्राऊन हा वाय. एम. सी. ए.चा व्यायाम-संचालक मनिलात आला. त्याने १९१३ मध्ये मनिलात पूर्वेकडच्या देशांचे क्रीडासामने भरवले. त्या मालिकेतल्या दहा सामन्यांपैकी नऊ वेळा बास्केटबॉलचे विजेतेपद फिलिपिनोंनी नेले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, तेव्हा वृद्ध नेस्मिथ स्वतः हजर होता. फिलिपाईन्सचा संघ तिथे पाचवा आला. हरला तो एकट्या अमेरिकेकडून. १९५४ साली जागतिक स्पर्धेत त्यांनी तिसरा क्रमांक मिळवला. म्हणजे शिष्यांनी गुरूची विद्या किती लवकर आपलीशी केली पाहा.

आणि शिबिराचा हा प्रकारही जुनाच. १९५२ साली इंडियाना राज्यातल्या टेलर विद्यापीठाचे प्रशिक्षक डॉन ओडल यांनी आपल्या कॉलेजातल्या खेळाडूंचा संघ फोर्मोसा, फिलिपाईन्स अशा देशांतून फिरवला. स्थानिक संघाशी सामना खेळायचा आणि मध्यंतरात, प्रेक्षक जागेवर खिळलेले असताना, धर्मोपदेश करायचा! व्यवहार चोख होता. तेव्हापासून असे संघ येतच राहिले आहेत. आता सामन्यापेक्षा मुलांच्या शिबिरांवर भर असतो, एवढेच.

अखेर भाच्याला पाठवायचे ठरले आणि त्याच्याबरोबर मी रोज सकाळी मैदानाच्या कडेला बाकावर जाऊन बसू लागले. बहिणीने मला हेरगिरीसाठी नेमले होते, असे म्हटले तरी चालेल.

पहिल्याच दिवशी आजींची आज्ञा मोडली. खेळताना गळ्यात काही ठेवायचे नाही, इजा होते, असा कोचचा नियम. एक प्लॅस्टिकचा डबा फिरला. त्यात कुणी क्रूस टाकला, कुणी मारियेची तसबीर असलेला धागा, कुणी नुसतीच साखळी. भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली आणि साताऱ्याचा गणपती त्या डब्यात जाऊन बसला. तीन तास हे सगळे मंडळ मेजावर एकत्र नांदले आणि कुणाचे कुणाशी भांडण झाल्याचे दिसले नाही. घरी परतताना भाचा म्हणाला, “मावशी, आजीला सांगू नकोस हं.”

शिकवणे मात्र पाहण्यासारखे होते. सत्तर-ऐंशी मुले, त्यांचे वयाप्रमाणे सहा गट. मैदानाच्या एकेका कोपऱ्यात एकेक गोष्ट शिकवली जाई. शिट्टी झाली की गटाने पुढच्या कोपऱ्यात जायचे. एका कोपऱ्यात डाव्या हाताने चेंडू टपटपवणे, दुसऱ्यात छातीपासून सरळ पास, तिसऱ्यात पळता पळता दोन्ही पायांवर थांबणे, चौथ्यात एक पाय रोवून दुसऱ्याने वळणे. गंमत म्हणजे या पोरांना अवघड ते सगळे येत होते. हवेत वळून, चार हातांमधून वाट काढून चेंडू कड्यात टाकणे त्यांच्या हातचा मळ होता. सोपे तेच येत नव्हते. गल्लीत खेळून शिकलेला गवई दोन ताना मारील, पण त्याला सा धरून बसायला सांगा! इथे अमेरिकन पोरे त्यांच्याकडून सा घोटून घेत होती. आणि दुपारी शिबिर संपले की हीच अमेरिकन पोरे त्या स्लिपरवाल्यांकडून हवेत वळायला शिकत होती, आणि आपटत होती.

ही मुले आली होती स्वखर्चाने, म्हणजे खरे तर दुसऱ्यांच्या खर्चाने. प्रत्येकाने काका-मामांना, शेजाऱ्यांना, चर्चमधल्या मंडळींना पत्रे लिहून पैसे जमवले होते. वारीला निघालेल्याच्या झोळीत गावाने शिधा घालावा, तसेच हे. वारकऱ्याला गावाचा नमस्कार पांडुरंगापर्यंत पोचवायचा असतो. या मुलांना आपल्या देवाचा निरोप इथे पोचवायचा होता. त्यासाठी रोज मधल्या सुट्टीतली पंधरा मिनिटे राखलेली. एखादी एकोणीस वर्षांची मुलगी उभी राहून आपला गुडघा कसा मोडला, वर्षभर खेळ कसा सुटला आणि श्रद्धेने आपल्याला कसे सावरले, ते सांगे. स्थानिक पाद्री त्याचे तागालोगमध्ये भाषांतर करी. मुले केळी खात ऐकत. सांगणारी खोटे बोलत नव्हती, हे बाकावरूनही कळत होते.

पण सांगणे कुणाला, हा एक प्रश्नच होता. तिसऱ्या दिवशी खेळ ऐन रंगात आला असताना रस्त्यावरून गाण्याचा आवाज आला. मे हा तिथे मारियेचा महिना. ‘फ्लोरेस दे मायो’ म्हणजे मे महिन्यातली फुले. पांढऱ्या झग्यातल्या चिमुरड्या मुली हातांत फुलांच्या परड्या घेऊन मिरवत चालल्या होत्या, मागे आया, आज्या आणि मेणबत्त्या. चेंडू थांबले. ऐंशीतल्या साठ-पासष्ट मुलांनी आपसूक छातीवर क्रूसाची खूण केली. मारियेची अशी पूजा न मानणारे ते पाहुणे चेंडू पोटाशी धरून गप्प उभे राहिले. चारशे वर्षांपूर्वी जिथे ख्रिस्त पोचला, तिथे ही मुले ख्रिस्त पोचवायला आली होती! शेजारी बसलेल्या एका आईला मी जपूनच छेडले. ती हसून म्हणाली, “देव तोच आहे. डावा हात मात्र यांनी शिकवला.”

चौथ्या दिवशी पंधरा मिनिटांच्या अखेरीस कोचने मुलांना डोळे मिटायला सांगितले. ज्याला येशूला आपल्या मनात घ्यायचे असेल त्याने हात वर करावा, असे तो म्हणाला. भराभर हात वर गेले. माझा भाचा मांडीवरचा चेंडू दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता. त्याने डोळे किलकिले करून इकडेतिकडे पाहिले आणि पुन्हा मिटले.

घरी येताना तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मावशी, मी हात वर नाही केला. उद्या मला मॅचमध्ये घेतील ना?”

वाचकहो, मला त्या कोचच्या धर्माविषयी तक्रार नाही. ज्या भाषेवर मी पोट भरते तिचे व्याकरण १८०५ साली विल्यम केरी या पाद्र्याने छापले. १८४२ साली निघालेले ‘ज्ञानोदय’ अमेरिकन मराठी मिशनचे. आणि रेव्हरंड टिळकांची कविता व लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ शिकवल्यावाचून माझे वर्ष पुरे होत नाही. टिळकांनी धर्म बदलला तेव्हा ते तिशीतले होते. त्यांनी वाचले होते, वाद घातले होते, घरदार पणाला लावले होते. इथे बारा वर्षांच्या पोराला पाच मिनिटांत विचारत होते, आणि विचारणाऱ्याच्या गळ्यात शिट्टी होती. ज्याच्या हातात संघ निवडणे आहे, त्यानेच हात वर करायला सांगावे का?

हे मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कोचलाच विचारले. पन्नाशीचा, उन्हाने लाल झालेला गृहस्थ. तो रागावला नाही; थोडा वेळ चेंडूतली हवा दाबून पाहत राहिला. मग म्हणाला की, हे विचारायचे नसते तर आपण इतक्या दूर आलोच नसतो. चेंडू हे काही आपले आमिष नव्हे, आपल्याला जे दोनच देता येते त्यांतले ते एक आहे. आणि हात कुणी वर केला ते आपण मोजतो, कुणी नाही केला ते मोजत नाही. माझ्या प्रश्नाचे हे पुरते उत्तर नव्हते. पण त्या दिवशीच्या सामन्यात माझा भाचा बरोबर इतरांइतकाच, आठ मिनिटे खेळला. त्याने दोन पास चांगले दिले, एक चेंडू घालवला. गुण एकही केला नाही. डब्यातून गणपती काढून त्याच्या गळ्यात घातला तोही त्या कोचनेच. आणि हे कोण, म्हणून विचारले. भाच्याने मोडक्यातोडक्या शब्दांत हत्तीच्या डोक्याची सबंध कथा सांगितली. पाद्र्याने तिचेही भाषांतर केले!

शनिवारी मेव्हण्यांनी मला कृषी महाविद्यालयाच्या जुन्या आवारातला बेकर हॉल दाखवला. ही एक व्यायामशाळा. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी १९४३ साली या आवारात शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांसाठी छावणी केली. कैदी आले ते आधी या व्यायामशाळेतच ठेवले गेले. पुढे त्यांत शेकडो पाद्री, नन आणि मिशनरीही होते. २३ फेब्रुवारी १९४५ च्या पहाटे अमेरिकन छत्रीधारी सैनिक आकाशातून उतरले, फिलिपिनो गनिमांनी बाहेरून हल्ला केला, सरोवरातून पाण्या-जमिनीवर चालणाऱ्या गाड्या आल्या आणि दोन हजार एकशेच्या वर कैदी काही तासांत सुखरूप निघून गेले. युद्धेतिहासात या धाडीचे फार कौतुक आहे. पण नंतरच्या दिवसांत जपानी सैन्याने आणि त्यांच्या हस्तकांनी गावावर सूड घेतला. सुमारे दीड हजार गावकरी मारले गेले. ते कुठे जाणार होते? ते तिथेच राहणारे होते.

येणाऱ्याच्या हेतूची आपण फार चर्चा करतो. राहणाऱ्याचे काय होते, हे त्या व्यायामशाळेच्या पायरीवर उभे राहिल्यावर मला प्रथम सुचले. आणि आठवला तो आपल्या मुंबईचा नागपाडा. १९२० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनने तिथे ‘नेबरहुड हाऊस’ काढले; क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे गृहस्थ ते चालवीत. १९३६ साली टाटांची समाजकार्याची शाळा सुरू झाली ती त्याच घरात. त्याच वस्तीत बास्केटबॉल रुजला. मिशनची माणसे गेली, खेळ राहिला. आणि बहुतांशी मुसलमान वस्तीच्या त्या गल्ल्यांनी अब्बास मुंतसिरसारखा भारताचा कर्णधार दिला. १९७० साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. खेळ घेणाऱ्यांनी खेळ घेतला. आपला धर्म, आपली भाषा, आपले नाव त्यांच्यापाशीच राहिले.

रविवारी पाहुणे गेले. व्हॅनमध्ये चढताना त्यांच्यातल्या दोघी-तिघी रडल्या. मुले रडली नाहीत. त्यांनी आठवड्याभरात मिळालेले टी-शर्ट घालून हात हलवले. जाताना पाहुण्यांनी चेंडूंची एक जाळी मागे ठेवली. ती कुणाकडे द्यावी, यावर चर्चा करावी लागली नाही. आठवडाभर कडेला उभा राहून पाण्याच्या बाटल्या भरणारा, मुलांच्या भांडणांत न्याय देणारा एक ट्रायसिकलवाला होता. ट्रायसिकल म्हणजे मोटरसायकलला जोडलेली तिथली रिक्षा. तो वर्षभर संध्याकाळी या पोरांना खेळवतो. त्याच्याकडे शिट्टी नाही. दोन बोटे तोंडात घालून तो ती वाजवतो. चेंडू त्याने आपल्या रिक्षात टाकले.

सोमवारी संध्याकाळी पाऊस नुकताच थांबला होता. भाच्याला घेऊन मी मैदानावर गेले. छपराखाली तीसेक पोरे ओळीने उभी होती. ट्रायसिकलवाला मध्ये उभा राहून मोजत होता, “इसा, दालावा, तात्लो!” आणि तीन म्हटले की सगळी पोरे उजवा पाय रोवून डाव्या पायाने वळत होती. स्लिपर घातलेल्यांचे पाय घसरत होते. त्यांना त्याने स्लिपर काढायला लावल्या आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.